सातवं रीळ

पांढुर्णा,
२० जून १९८४

प्रिय मालतीताई,
सप्रेम जयभीम.

तुझं कार्ड मिळालं. उत्तमभाऊजींच्या पोटात पुन्हा दुखतंय हे वाचून वाईट वाटलं. मूतखडा असेल तर नागपूरला दाखवा, सौसरच्या काढ्यांवर किती दिवस काढणार? सुशीलाला सातवा लागला आहे. पुढच्या महिन्यात तिला रामाकोन्याला माहेरी सोडून येईन.

आता खरी बातमी. तुझा भाऊ प्रसिद्ध झाला आहे. नगरपालिकेत नव्हे, तिथे मी अजून पाणी सोडणाराच आहे, खांद्यावर नळाची मोठी चावी घेऊन फिरणारा. एप्रिलात आपला माणूस अंतराळात जाऊन आल्यापासून इथे जो तो मान वर करून चालतो. ते पाहून प्रभाकरभाऊंनी टॉकीजमध्ये अंतराळाचा इंग्रजी सिनेमा लावला. प्रभाकरभाऊ म्हणजे टिनाच्या टॉकीजचे मालक, गेल्या निवडणुकीपासून आमच्या वॉर्डाचे पार्षदही. पहिल्या दिवशी लोक गप्प बसले, दुसऱ्या दिवशी ओरडले, तिसऱ्या दिवशी खुर्च्या उचलायला लागले. कोणाला काही कळेना. तेव्हा भाऊंनी मला धरलं. म्हणाले, "तू पाणी सोडता सोडता अख्ख्या मोहल्ल्याले गोष्टी सांगून राहतो. आता इथं बसून सांग." आणि मशीनच्या खोलीत माझ्या हाती माईक दिला.

इंग्रजी मला येत नाही हे तुला ठाऊक आहे. भाऊंनाही ठाऊक आहे. पण पब्लिकला ठाऊक नाही. टिनावर पाऊस पडायला लागला की सिनेमाचा आवाज तसाही बुडतो, मग भोंग्यातून माझाच आवाज. मी म्हणेन तो सिनेमा.

मला वाटलं होतं, अंतराळ म्हणजे रॉकेट आणि चांदण्या. ताई, रॉकेट दहा मिनिटं. बाकी सगळी बैठक. लांबलचक टेबल, खुर्च्या, हात वर करून मतदान, एकाने उठून जाणं, दुसऱ्याने त्याच्या कानाला लागणं. कोटी कोस गेले आणि तिथेही नगरपालिका. एक पांढऱ्या मिशांचा म्हातारा आहे, तो अध्यक्ष. त्याच्या शेजारी सदा हसणारा एक तरुण, त्याचं नाव मी हसऱ्या ठेवलं. आणि एक विमानवाला, गरीब घरचा वाटतो, त्याचं नाव रामाजी. हसऱ्या रामाजीचा जिवलग मित्र आहे, येता-जाता गळ्यात हात टाकतो. आता हे भांडतात कशासाठी, ते कळायला मार्ग नाही. म्हणून मी पाणी घातलं. म्हातारा एका बर्फाच्या चंद्रावर बसला आहे, सगळं पाणी त्याच्या हातात, आणि खालच्या ग्रहावरची माणसं तहानलेली. लोकांना फार आवडलं.

एक गंमत. सिनेमा सात रिळांचा आहे, पण आम्ही सहाच दाखवतो. सातवं लावलं तर खेड्यांतल्या लोकांची आठची पॅसेंजर चुकते. तेव्हा सहावं संपलं की दिवे लागतात आणि लोक चपला शोधत असताना मी शेवट तोंडी सांगतो. रोज थोडा वेगळा.

तुझा,
देवीदास

&nbsp;

सौसर,
२६ जून १९८४

प्रिय देवीदास,
जयभीम.

पत्र वाचून मी आणि हे खूप हसलो. मग ह्यांना कळ आली म्हणून ते थांबले, आणि मी पत्र पुन्हा वाचलं म्हणून मी थांबले.

पाणीच का घातलंस रे? सोनं घालायचं होतंस, राजकन्या घालायची होतीस. तू नळाची चावी फिरवणारा माणूस. आपल्या बुद्धनगराला आठवड्यातून दोनदा करंगळीएवढी धार येते, आणि दुपारी दोन वाजता, सगळं गाव आडवं झालेलं असताना, तूच जाऊन केशवरावांच्या संत्र्याच्या बगिच्याकडची चावी उघडतोस. हे तू मला दिवाळीत सांगितलंस आणि वर म्हणालास, कोणाला सांगू नको, नोकरी जाईल. आणि हे केशवराव नगरपालिकेचे अध्यक्ष, त्यांनाही पांढऱ्याच मिशा आहेत, हे तुझ्या लक्षात आलं नाही म्हणतोस?

मी बी.ए.ला इंग्रजी घेतलं होतं, त्या जोरावर एक गोष्ट सांगते. ही माणसं आपलं भांडण ताऱ्यांवर का नेतात, याचा विचार केलास? तिथे जागा मोकळी आहे म्हणून नव्हे. घरच्या राजाला राजा म्हणून शिव्या दिल्या तर पकडतात, म्हणून राजाला दुसऱ्या ग्रहावर बसवायचं आणि मग पोटभर बोलायचं. रॉकेट असतं ते एवढ्याचसाठी, गोष्ट दूर न्यायला. आणि तू शहाणा, त्यांनी मरमर करून दूर नेलेली गोष्ट उचलून पुन्हा पांढुर्ण्याच्या बाजारात आणून ठेवतोस.

तोंड आवर. उद्यापासून त्या चंद्रावर हिरे आहेत म्हणून सांग.

तुझी,
ताई

&nbsp;

पांढुर्णा,
१७ जुलै १९८४

प्रिय ताई,
जयभीम.

हिरे घालून पाहिले. लोकांनी शिट्ट्या मारून मला पाण्यावर परत आणलं. आता माझं काही चालत नाही. म्हातारा पडद्यावर आला की मी काही म्हणायच्या आधी मागून कोणीतरी ओरडतं, "दोन वाजले, चावी सोडा." आणि अख्खी टॉकीज हसते. दोनचं मी एकदाच म्हणालो होतो, ओघात.

तुझं म्हणणं खरं असेल. पण एक सांगू? बारा वर्षं मी ती चावी फिरवतो आहे. बगिच्याची फिरवली की जमिनीखाली पाणी धावल्याचा आवाज येतो, आणि बुद्धनगरात आपल्याच बाया रिकाम्या गुंड-घागरींच्या रांगेत बसलेल्या असतात. मी त्यांच्यासमोरून चावी खांद्यावर घेऊन जातो. मला लाज वाटते ताई. माईक हातात आला की ती लाज थोडी कमी होते, एवढंच.

परवा केशवराव स्वतः आले. येणार आहेत हे कोणी सांगितलं नव्हतं. पुढच्या रांगेत मधोमध बसले. मी मशीनच्या खोलीच्या भोकातून पाहिलं आणि माईक बाजूला ठेवला. पण सिनेमा थांबत नाही ना, काहीतरी बोलावंच लागतं. मी म्हाताऱ्याला साधू करायला गेलो, तर लोकच ओरडून ओरडून गोष्ट सांगायला लागले. केशवराव सहाही रिळं हलले नाहीत. दिवे लागल्यावर खोलीच्या दाराशी आले. मला वरखाली पाहिलं. म्हणाले, "गळा चांगला हाये तुया. गोटमारीले गावातच राहशीन ना?"

एवढंच. आणि गेले.

प्रभाकरभाऊंना सांगितलं तर त्यांनी माझ्या खांद्यावर हात टाकला. म्हणाले, "भिऊन राहिला काय बे? मी हाओ ना." ते होते म्हणून धीर आला. मी म्हटलं, भाऊ, सातवं रीळ एकदा दाखवा, खरा शेवट काय आहे तो कळू द्या, म्हणजे मी तोच सांगीन, माझ्या अंगावर काही येणार नाही. तर म्हणाले, काही नाही त्यात, नुसती मारामारी. त्यांनी एका सकाळी शटर पाडून एकट्याने पाहिलं आहे म्हणे. त्यांना इंग्रजी येतं, नागपूरला कॉलेजात होते.

सुशीलाला पोचवून आलो. घर खायला उठतं.

तुझा,
देवीदास

&nbsp;

सौसर,
२१ जुलै १९८४

देवीदास,

गोटमारीचं वाचलं आणि लगेच लिहायला बसले. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या या काठावर पांढुर्णा, त्या काठावर सावरगाव, मध्ये पळसाच्या झाडाचा झेंडा, आणि दिवसभर एकमेकांवर दगड. लोक त्याला परंपरा म्हणतात. मी फक्त बाबांचा फुटलेला डोळा पाहिला आहे. तू तेव्हा चार वर्षांचा होतास. बाबा दगड मारायला गेले नव्हते, बैल धुवून परत येत होते. आईने पोलिसांत जाते म्हटलं तर सगळे हसले. गोटमारीत कोणाचा दगड कोणाला लागला, हे विचारत नाहीत. वर्षातला तो एक दिवस असा आहे, की त्या दिवशी गावात कोणीच गुन्हेगार नसतो.

आणि तो माणूस तुला विचारतो, त्या दिवशी गावात आहेस ना?

रजा टाक आणि इकडे ये. नाहीतर रामाकोन्याला जा, सुशीलाजवळ राहा. मोठी बहीण म्हणून सांगते, विनवते असं समज.

ताई

&nbsp;

पांढुर्णा,
९ ऑगस्ट १९८४

प्रिय ताई,
जयभीम.

रागावू नको, उत्तराला उशीर झाला. इथे बरंच काही घडलं आणि ते मी कोणालाच सांगितलेलं नाही. तूही सांगू नको.

प्रभाकरभाऊंनी कलेक्टरसाहेबांना द्यायला एक अर्ज केला आहे, छिंदवाड्याला. कोणत्या दिवशी, किती वाजता, कोणाच्या हुकमाने मी बगिच्याची चावी उघडली, सगळं त्यात आहे. खाली माझी सही पाहिजे. मी म्हटलं, भाऊ, मी सिनेमा सांगतो, साक्ष देत नाही. माझं मूल यायचं आहे. ते हसले. म्हणाले, काही घाई नाही. पण तेव्हापासून रोज विचारतात.

आणि मंगळवारी केशवरावांचं बोलावणं आलं. गेलो. त्यांनी मला ओसरीवर खुर्ची दिली, ताई. चहा आला, सगळ्यांसारख्याच कपात.  मग म्हणाले, "चाळीस वरसं राजकारण केलं, तोंडावर असं कोणी सांगितलं नाही. माया नातू घरी येऊन मले विचारते, आजोबा, तो चंद्रावरचा म्हातारा तुमीच काय?" त्यांनी पाइप मागवले आहेत. बुद्धनगरासाठी वेगळी लाइन. पोळ्याच्या आत येतील म्हणाले, आणि गोटमारीला सगळं गाव जमतं तेव्हा माईकवरून मीच ते जाहीर करावं, म्हणून त्यांनी मला त्या दिवशी विचारलं होतं. मी उगाच घाबरलो.

मागितलं एवढंच, की शेवट बदल. म्हाताऱ्याला एक संधी दे.

मी अजून हो म्हटलेलं नाही. पण द्यायला काय हरकत आहे? शेवट तर माझाच आहे.

तुझा,
देवीदास

&nbsp;

सौसर,
१३ ऑगस्ट १९८४

श्री. प्रभाकरराव यांस,
सादर नमस्कार.

आपली ओळख नाही. मी देवीदासची थोरली बहीण, सौसरला शाळेत शिक्षिका आहे. तो तुमच्याविषयी फार आदराने लिहितो, त्या आधारावर हे पत्र लिहायचं धाडस करते.

माझा भाऊ भोळा आहे. केशवरावांनी त्याला घरी बोलावून चहा पाजला, पाइपांचं आमिष दाखवलं, आणि तो विरघळला आहे. सिनेमाचा शेवटही त्यांच्या सांगण्यावरून बदलायच्या विचारात आहे. ज्या माणसाने आधी गोटमारीचं नाव काढून धमकावलं, तो महिन्याभरात असा गोड कसा होतो? मला ह्यात घात दिसतो. हे मी तुम्हाला कळवल्याचं त्याला सांगू नये, त्याने मला गुपित म्हणून लिहिलं आहे.

ह्यांच्या ऑपरेशनसाठी मला विसाव्या तारखेपासून नागपूरला राहावं लागेल. देवीदासची बायको माहेरी आहे, घरी तो एकटाच असतो. तेव्हा एक विनंती. गोटमारीच्या दिवशी त्याला तुमच्याजवळ ठेवा. नजरेआड होऊ देऊ नका. त्याचं तुमच्याशिवाय तिथे कोणी नाही.

आपली,
मालती उत्तम

&nbsp;

पांढुर्णा,
१७ ऑगस्ट १९८४

आदरणीय मालतीताई,
सादर प्रणाम.

आपले पत्र पावले. आपण विश्वासाने लिहिलेत, फार बरे वाटले. देवीदास केशवरावांकडे जाऊन आला हे मला ठाऊक नव्हते. आपण कळवलेत हे उत्तम झाले, वेळेवर कळले.

आपण निश्चिंत असावे. गोटमारीच्या दिवशी त्याला मी माझ्याजवळच ठेवीन. सगळ्या गावाला दिसेल असा ठेवीन.

आपला,
प्रभाकर

&nbsp;

नागपूर,
२४ ऑगस्ट १९८४

प्रिय देवीदास,
जयभीम.

ह्यांचं ऑपरेशन नीट झालं. बोराएवढा खडा निघाला, तो डबीत घालून उशाशी ठेवला आहे आणि येईल त्याला दाखवतात. मंगळवारी सोडतील.

आज एक विचित्र गोष्ट झाली. दवाखान्यात चारपर्यंत आत सोडत नाहीत. वेळ काढायला रस्त्याने चालले होते, तर एका टॉकीजवर तुझाच सिनेमा. तू वर्णन केलेल्या त्याच पांढऱ्या मिशा, तेच लांबलचक टेबल. मी तिकीट काढून आत गेले. सातही रिळं पाहिली.

तू पाणी घातलंस ते फार चुकलं नाहीस, ते लोक खरंच बर्फासाठी भांडतात. पण म्हातारा वाईट नाही, देवीदास. तो आधी हट्टी आहे, मग त्या विमानवाल्याच्या बोलण्याने हळूहळू वळतो, आणि तह करायला तयार होतो. सातव्या रिळात तहाचा दिवस आहे. सगळा ग्रह मैदानात जमला आहे. हसऱ्या विमानवाल्याला सर्वांत उंच मनोऱ्यावर उभा करतो, म्हणतो, तुझ्या तोंडून लोकांनी ऐकलं पाहिजे. आणि मागून गोळी येते. हसऱ्या धावत जातो, त्याचं डोकं मांडीवर घेतो, रडतो, आणि म्हाताऱ्याकडे बोट दाखवतो. लोक म्हाताऱ्यावर तुटून पडतात. कारण जिवंत विमानवाला तह करणार होता आणि हसऱ्याला खुर्ची मिळणार नव्हती. मेलेला विमानवाला त्याच्या कामाचा. शेवटच्या चित्रात हसऱ्या खुर्चीत बसला आहे, गळ्यात हार, आणि हसतो आहे. मला वाटलं, अजून एखादं रीळ असेल. नव्हतं. दिवे लागले.

बाहेर येऊन लगेच हे लिहायला बसले आहे. सिनेमा तो सिनेमा, हे मला कळतं. पण तुझे प्रभाकरभाऊ म्हणाले ना, की सातव्यात नुसती मारामारी आहे? इंग्रजी येणाऱ्या माणसाने हे पाहून असं का सांगावं?

देवीदास, मी त्यांना एक पत्र लिहिलं आहे. केशवरावांच्या चहाचं त्यात लिहिलं. तू सांगू नको म्हणाला होतास, आणि मी लिहिलं. मला तेव्हा घात एकीकडे दिसला. आज वाटतं, मी उलट्या बाजूला पाहत होते. कदाचित हा सगळा माझ्या डोक्यातला खेळ असेल, तीन रात्री झोप नाही. तरी तू सोमवारी पहाटेच रामाकोन्याला निघून जा. कोणी बोलावलं तरी नदीकडे जाऊ नको. कोणीही बोलावलं तरी. मग भेटून बोलू, माझ्यावर काय ते रागाव.

हे आत्ताच पेटीत टाकते. उद्या मिळेल.

ताई

&nbsp;

पांढुर्णा,
२६ ऑगस्ट १९८४, पोळा

प्रिय ताई,
जयभीम.

आधी पेढे. सुशीलाला मुलगी झाली, काल निरोप आला. दोघी सुखरूप. नाव तू ठेवायचं. मी मंगळवारी रामाकोन्याला जातो, लगेच निघालो असतो पण उद्याचं काम अंगावर घेतलं आहे.

पाइप आले ताई. खरंच आले. बुद्धनगराच्या कोपऱ्यावर काळे पाइप पडले आहेत आणि पोरं त्यांच्यातून आरपार ओरडताहेत. काल संध्याकाळी मी शेवट बदलला. रामाजी म्हाताऱ्याला घेऊन खाली ग्रहावर येतो आणि म्हातारा स्वतःच्या हाताने चावी उघडतो. टाळ्या पडल्या, काही बाया रडल्या. फक्त प्रभाकरभाऊ तिकिटाच्या खोलीतून बाहेर आले नाहीत.

पण आज सकाळी स्वतः घरी आले, गळ्यात हात टाकला. अर्जाचं नावही काढलं नाही. म्हणाले, उद्या गोटमारीचं धावतं वर्णन तू करायचं, आणि मधेच ती पाण्याची गोष्टही जाहीर कर. नदीच्या काठावर त्यांनी चार लाकडी बल्ल्यांचा मचाण बांधला आहे, वर भोंगा. तिथून दोन्ही गावं दिसतात. मी थोडा कचरलो, तुझं आठवलं. तर त्यांनी तुझं पत्र काढून दाखवलं. मला तुझं थोडं वाईट वाटलं, तू चहाचं लिहायला नको होतंस. पण शेवटी तू लिहिलं आहेस ना, की त्याला जवळ ठेवा, नजरेआड होऊ देऊ नका. म्हणाले, "तुया बहिणीनंच सांगितलं, आता तं ऐकशीन?" मग मी हो म्हटलं. याहून जवळ आणि याहून नजरेसमोर कुठे असणार?

काळजी करू नको. समोरून दगड आला तर वरून मला आधी दिसेल. आणि मागून यायचा प्रश्नच नाही, मचाणाच्या मागे भाऊंची स्वतःची चार माणसं उभी राहणार आहेत, फक्त माझ्यासाठी.

पोस्ट आज बंद आहे आणि उद्याही बंदच, तरी पेटीत टाकून ठेवतो. तुला बुधवारी मिळेल. तोवर सगळं पार पडलेलं असेल.

तुझा,
देवीदास

&nbsp;

पांढुर्णा,
६ सप्टेंबर १९८४

आदरणीय मालतीताई,
सादर प्रणाम.

अंत्यविधीच्या दिवशी आपल्याशी बोलता आले नाही.  माझा तर धाकटा भाऊ गेला. त्याचे डोके माझ्या मांडीवर होते.

मी त्याला परोपरीने सांगितले होते, की नदीकडे जाऊ नको. आदले दोन दिवस तो मला भेटलाच नाही. केशवरावांच्या माणसांनी त्याला मचाणावर चढवले आणि हे घडले. दगड सावरगावच्या बाजूने आला नाही, मागून आला, हे शेकडो लोकांनी पाहिले. मागे कोणाची माणसे उभी होती, हे मी पत्रात लिहीत नाही. गावाला ते ठाऊक आहे. त्या दिवसापासून केशवराव घराबाहेर पडलेले नाहीत. बुद्धनगराचे पाइपही लोकांनी संतापाने फोडले.

रविवारी, सोळा तारखेला, संध्याकाळी पाच वाजता टॉकीजमध्ये श्रद्धांजली सभा ठेवली आहे. पत्रके छापून खेड्यापाड्यांत वाटली आहेत, वर आपले नाव आहे. आपण मंचावर बसावे आणि दोन शब्द बोलावे. सख्ख्या बहिणीच्या तोंडून लोकांनी ऐकले, म्हणजे न्यायाला बळ येते. येत्या निवडणुकीत मी उभे राहावे असा लोकांचा आग्रह आहे, पण ते नंतर.

आपण नागपूरहून त्याला पाठवलेले पत्र अठ्ठावीस तारखेला आले. पोस्टमनने टॉकीजवर आणून दिले. बंदच आहे, ते सोबत परत पाठवतो. दुसऱ्याचे पत्र उघडायची आमच्याकडे रीत नाही.

आपला,
प्रभाकर

&nbsp;

सौसर,
१० सप्टेंबर १९८४

श्री. प्रभाकरराव यांस,

आपले पत्र आणि सोबतचे माझे पत्र मिळाले. मी येते. सुशीलाही येईल, मुलीला घेऊन.

आपण म्हणता तसे दोन शब्द बोलीन. पण मला भाषण येत नाही. देवीदास जे काम अर्धे टाकून गेला, ते पुरे करीन म्हणते. तुमच्या टॉकीजमध्ये लोकांनी तीन महिने सहाच रिळं पाहिली. सातवं मी नागपूरला पाहिलं, त्याच्या मरणाच्या तीन दिवस आधी. ते मी सांगेन. पडद्यावर ते लावायची गरज नाही, तुमच्या टॉकीजमध्ये तोंडी शेवट ऐकायची लोकांना सवय आहे.

मग पत्रं वाचीन. देवीदासची सगळी मी जपून ठेवली आहेत. त्याने पोळ्याच्या दिवशीही एक लिहिलं होतं, ते बहुधा तुम्हाला ठाऊक नसावं. त्या सकाळी त्याच्या घरी कोण गेलं, मचाण कोणी बांधला, मागे कोणाची चार माणसं उभी राहणार होती, सगळं त्याच्या हाताने लिहिलेलं आहे. तुमचं सतरा तारखेचंही वाचीन, त्याला सगळ्या गावाला दिसेल असा ठेवीन म्हणालात ते. आणि मी तुम्हाला लिहिलेलं पत्र तुमच्याकडे आहे, ते आणून द्या. नाही दिलंत तरी मला ते पाठ आहे. माझ्या भावाला तिथे चढवणारं पत्र माझंच होतं. ते मी आधी वाचीन.

केशवरावांना मी वेगळं कळवलं आहे, त्यांनी पुढच्या रांगेत बसावं. कलेक्टर कचेरीला पत्रांच्या नकला गेल्या आहेत. सभा आता रद्द होणार नाही, हे मी जाणते. पत्रकं तुम्हीच वाटली आहेत, आणि लोक येणार आहेत.

भोंगा बाहेर बाजाराकडे तोंड करून लावा. आणि त्या दिवशी कोणाची पॅसेंजर चुकली तरी चालेल.

मालती उत्तम